तीन शिट्ट्या की चार

"बाई, चार झाल्या! बंद करा, भाताची पेज होईल!"

सुमनवहिनींचा आवाज भिंतीवरून आला तेव्हा मी जास्वंदीच्या मुळाशी पाणी सोडत होते. माझ्या हिशेबानं कुकरच्या तीनच झाल्या होत्या. पण वहिनींशी वाद घालायचा तर आधी गॅस बंद करून यावं लागतं, कारण तो वाद पुढच्या शिट्टीच्या आत कधी संपलेला नाही.

विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत दोन बंगल्यांमधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधणाऱ्यानं सिमेंट वाचवलं, त्याचे उपकार. लोणच्याच्या बरण्या तिच्यावरच उन्हाला बसतात, वाट्या तिच्यावरूनच जातात-येतात, आणि सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही दोघी दोन बाजूंनी तिच्यावर कोपरं टेकतो. मी एकतीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं म्हणून त्या मला बाई म्हणतात. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं, अशी त्यांची सुरुवातीला समजूत होती. मला त्यांच्या मनातलं एकदाही ओळखता आलं नाही, तेव्हा ती आपोआप गेली.

"तीन झाल्या होत्या, वहिनी."

"चार. मी मोजत होते."

"तुम्ही मेथी निवडत होतात."

"हात मेथीत होते. कान काय मेथीत होते?"

आता असं कुणी म्हटल्यावर गप्प बसायचं कसं? "वहिनी, काम एकीकडे आणि कान दुसरीकडे, या भानगडीत एका पोराची नोकरी गेलीय. तिकडं इंग्लंडात."

नोकरी गेली म्हटल्याबरोबर मेथीची जुडी ताटासकट भिंतीवर आली. "कुणाची?"

"डेव्हिड किनब्रुक त्याचं नाव. ग्रीनिचच्या वेधशाळेत साहाय्यक होता. वरचे साहेब मॅस्कलिन, राजाचे खगोलशास्त्रज्ञ. काम काय, तर रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. दुर्बिणीत उभे धागे ताणलेले असायचे. एखादा तारा त्या धाग्यामागून नेमका कधी सरकला, ते लिहायचं. पण वेळ बघायला डोळा काढायचा नाही. शेजारी घड्याळ टिकटिकतंय, ते कानानं मोजत राहायचं, आणि या टोल्यापासून त्या टोल्यापर्यंत ताऱ्यानं किती वाट कापली, ते मनानं दहा भाग करून सांगायचं."

"म्हणजे मेथी आणि शिट्ट्या."

"अगदी तेच. तर १७९५च्या ऑगस्टपासून साहेबांच्या लक्षात यायला लागलं की पोरगा अर्धा सेकंद उशिरा लिहितोय. त्यांनी समज दिली. पोरगा सुधारायचा सोडून आणखीच मागे पडत गेला. १७९६च्या जानेवारीत फरक गेला आठ दशांश सेकंदावर. काढून टाकला."

"आठ दशांश?" वहिनींनी फाटकाकडे बघितलं. "आमची सखू पाऊण तास उशिरा येते."

"काढता का तिला?"

"काढून करू काय? दुसरी मिळते कुठं?" मग जरा थांबून, "का हो, झोपाळू होता का पोरगा?"

"तसं नव्हतं. साहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की मेहनती होता, बाकीच्या कामांना चांगला होता, नाइलाजानं काढला. आणि हे लिहून ठेवलं म्हणूनच पुढची गंमत झाली. बऱ्याच वर्षांनी कोनिग्सबर्ग नावाच्या गावी बेसेल म्हणून दुसरे खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांच्या वाचनात हे आलं. त्यांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. पोरगा चुकत होता हे ठरवलं कुणी? साहेबांच्या डोळ्या-कानानं. मग साहेबांचे डोळे-कान बरोबर होते हे कुणी ठरवलं? म्हणून बेसेलनी स्वतःचीच वेळ दुसऱ्या नावाजलेल्या लोकांच्या वेळांशी ताडून बघितली. तर एकाशी त्यांचा फरक निघाला सेकंदापेक्षा जास्त! दोघंही हुशार, दोघांचीही दुर्बीण चांगली, आणि त्याच ताऱ्याची वेळ दोघांची निराळी."

वहिनींचा हात मेथीवर थांबला. "म्हणजे उशीर प्रत्येकाचाच असतो, पण ज्याचा त्याचा वेगळा."

एकतीस वर्षांत परीक्षेच्या पेपरात इतकं नेमकं उत्तर मला फार थोड्यांनी दिलं. मी तसं म्हणाले नाही. त्या दिवसभर तेच सांगत फिरल्या असत्या.

"मग घेतलं का पोराला परत?"

"सांगते. आधी बेडकाचं ऐका."

बेडकाला त्यांनी नाक मुरडलं, पण ऐकलं. त्याच कोनिग्सबर्गमध्ये १८५० साली हेल्महोल्ट्झ हा तरणाबांड प्राध्यापक. त्याचे गुरू योहानेस म्युलर म्हणायचे की मज्जातंतूतून खबर किती वेगानं धावते हे माणसाला कधी मोजता यायचं नाही. शिष्यानं बेडकाची तंगडी घेतली. तिच्या मज्जातंतूला एकदा स्नायूच्या जवळ विजेचा झटका दिला, एकदा लांब. लांबच्या झटक्याला तंगडी जरा उशिरा आखडली. त्या उशिराला मधल्या अंतरानं भागलं, की निघाला वेग, सेकंदाला सुमारे २७ मीटर.

"भागलं म्हणजे अंतराला उशिरानं भागलं," मी लगेच स्वतःला दुरुस्त केलं. निवृत्त झाल्यापासून गणित असं उलटं पडतं.

"ते असू दे. म्हणजे किती?"

"ताशी शंभर किलोमीटरला जरा कमी."

"इतकंच? मी समजत होते विजेसारखं असेल. ही तर जरा जोरात हाणलेली एसटी झाली."

"त्या वेळी सगळ्यांनाच तसं वाटायचं. मनात आलं की हात हलला, मधे वेळ कसला? आणि इथं हा सांगतोय की मधे वेळ जातो, आणि तो घड्याळानं मोजता येतो. आणि हे आकडे टिपायला कोण बसायचं माहितीय? त्याची बायको, ओल्गा."

"वाटलंच मला. बेडूक त्याचा, आकडे हिनं लिहायचे, आणि पुस्तकावर नाव एकट्याचं." त्यांनी मेथीची काडी अशी मोडली की ती काडी हेल्महोल्ट्झच आहे.

एवढ्यात गल्लीत भाजीची गाडी आली आणि आमचं जर्मनी तिथंच राहिलं. वहिनींनी किलोभर दोडके घेतले. पिशवी तळहातावर एकदा वर उडवली, आणि म्हणाल्या, "हे किलो नाही." भाजीवाल्यानं शपथा घेतल्या. पुन्हा तोललं तर नऊशे साठ भरले. तो गेल्यावर मी म्हटलं, "तुमचा हात वेबरला सापडला असता तर त्यानं सोडला नसता."

"हा आणखी कोण?"

एर्न्स्ट वेबर, लाइपझिगचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक. लोकांच्या हातात वजनं द्यायचा आणि विचारायचा, यातलं जड कुठलं? त्याला सापडलं ते असं की आपल्या हाताला ग्रॅम कळत नाहीत, हिस्से कळतात. वजन उचलून बघितलं तर साधारण चाळिसाव्या भागाचा फरक कळतो. चाळीस ग्रॅमला एक ग्रॅम पुरतो, किलोला पंचवीस लागतात. हात टेबलावर टेकवून वर वजन ठेवलं तर कमी कळतं, हलवून बघितलं तर जास्त.

"म्हणूनच तुम्ही पिशवी उडवता. त्यानं चाळीस मारले म्हणून सापडला. पंधरा-वीस मारले असते तर?"

"तेच मारत असणार इतकी वर्षं," वहिनी गाडीच्या दिशेनं बघत म्हणाल्या. वेबरचा नियम समजून घेऊन कुणाला इतका राग आलेला मी पाहिला नव्हता.

वेबर कंपासची दोन टोकंही लोकांच्या अंगाला लावायचा. जिभेच्या शेंड्यावर मिलिमीटरभराच्या अंतरानंही दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर दोन-अडीच इंच अंतर ठेवलं तरी एकच टोचल्यासारखं वाटतं. हा प्रयोग माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडायचा, कारण मित्राला टोचायला मिळायचं आणि वर गुण मिळायचे.

त्याच लाइपझिगला फेख्नर होता. खरं सांगायचं तर या सगळ्या मंडळीत माझा जीव याच्यावर आहे. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, टोपणनावानं विनोदी लेख लिहिणारा. डोळे मिटल्यावर उजेडाची जी प्रतिमा राहते तिचा अभ्यास करायचा म्हणून रंगीत काचांतून सूर्याकडे बघत बसला, आणि डोळे घालवून घेतले. चाळिशीही गाठली नव्हती. नोकरी सुटली. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांना पट्ट्या बांधून पडून राहायचा. अन्नही पोटात ठरेना.

"अरे देवा. मग?"

"ओळखीच्या एका बाईंना स्वप्न पडलं की याला द्राक्षाच्या दारूत नि लिंबाच्या रसात मुरवलेलं डुकराचं कच्चं मांस खायला घातलंय. त्यांनी खरंच तसं करून पाठवलं. तो खाऊन बघायला तयार झाला, आणि ते पचलं! हळूहळू माणसात आला."

"मांसाचं जाऊ दे, लिंबानं आला असेल. लिंबू पाचक असतं," वहिनींनी निकाल दिला.

१८४३ साली तो पट्टी काढून बागेत आला. इतक्या वर्षांनी फुलं बघितली, तर त्याला ती आतून उजळल्यासारखी दिसली. प्रत्येक झाडाला जीव आहे, मन आहे, असं त्याला वाटलं. पाच वर्षांनी त्यानं वनस्पतींच्या मनावर अख्खं पुस्तक लिहिलं. हे सांगताना मी वहिनींच्या तुळशीकडे बघत होते. त्या रोज पाणी घालताना तिच्याशी बोलतात, नवऱ्याबद्दलच्या तक्रारीसुद्धा करतात.

"यात हसण्यासारखं काय?" त्या म्हणाल्या. "शहाणा माणूस होता."

होताच. पण शहाणपण एवढ्यावर थांबलं नाही. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्याच त्याला सुचलं की मन आणि बाहेरचं जग यांचा हिशेब मांडता येईल. देवघरात एक समई आहे, शेजारी दुसरी लावली तर उजेड वाढल्याचं कळतं. लग्नाच्या मांडवात शंभर दिवे असताना एक वाढवला तर कुणाला कळतं? बाहेर पटीनं वाढवावं तेव्हा आत पायरीपायरीनं वाढतं. हे पक्कं करण्यासाठी तो हजारो वेळा वजनं उचलत बसला, एकदा डाव्या हातानं, एकदा उजव्या, आणि प्रत्येक वेळी टिपत गेला. १८६० मध्ये त्याचा ग्रंथ आला. ती २२ तारीख अजूनही हा विषय शिकणारे लोक फेख्नर दिवस म्हणून पाळतात.

"अंथरुणात पडल्या पडल्या? आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत काही सुचलं नाही."

घरातून खोकल्याचा आवाज आला. भिंत बुटकी असते ती दोन्हीकडून.

आता मूळ कुटुंबप्रमुखाकडे यायलाच हवं होतं. "वहिनी, शाळेत नापास झालेला, वर्गात खिडकीबाहेर बघत बसणारा एक मुलगा. घरची आठवण काढून रडायचा. मास्तरांनी सांगितलं, तुला टपालखात्यात चिकटता आलं तर बघ. पुढं त्याच मुलाच्या हाताखाली जगभरचे विद्वान शिकले."

विल्हेल्म वुंट. पाद्र्याचा मुलगा, जन्म १८३२ चा. डॉक्टर झाला, हायडलबर्गला हेल्महोल्ट्झच्या हाताखाली साहाय्यक राहिला. १८६१ मध्ये घरच्या लंबकाच्या घड्याळाला त्यानं काही उपकरणं जोडली. लंबक ठरावीक जागी आला की घंटा वाजायची. घंटा ऐकली त्या क्षणी लंबक कुठं दिसतो ते टिपायचं. तर तो कधीच खऱ्या जागी दिसेना. कानावरून डोळ्यावर यायला लक्षाला साधारण एक अष्टमांश सेकंद लागतो, असं त्यानं काढलं.

"म्हणजे मेथी आणि शिट्टी एकदम होत नाही?"

"त्याच्या घड्याळाचा तरी तसाच निकाल आहे."

"त्याच्या घड्याळाला माझा हात माहीत नाही."

१८७५ मध्ये तो लाइपझिगला आला आणि १८७९ मध्ये त्याची प्रयोगशाळा सुरू झाली. पुस्तकात असं छापलेलं असतं की जणू फीत कापली, नारळ फोडला. प्रत्यक्षात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय असलेल्या जुन्या इमारतीतली ती खोली होती. विद्यापीठानं तिला रीतसर मान्यता द्यायला आणखी चारेक वर्षं घेतली.

"म्हणजे खानावळीतच सुरू झालं म्हणा की," वहिनी खूश झाल्या. "स्वयंपाकाशिवाय काही सुरू होत नाही, बाई."

तिथं चालायचं काय ते मी त्यांना समजावलं. घड्याळजी हिप यानं बनवलेलं एक यंत्र होतं, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं. एकानं आवाज करायचा किंवा रंग दाखवायचा, दुसऱ्यानं तो कळला की कळ सोडायची. मग कामं बदलायची: काल ज्यानं यंत्र सांभाळलं तो आज कळ धरून बसणार. माक्स फ्रीडरिश हा पहिल्या प्रबंधाचा विद्यार्थी. त्याच्यापुढं कळ धरून बसणाऱ्यांत खुद्द वुंट गुरुजी होते. हे मला फार आवडतं. आमच्याकडे प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले की चहा-बिस्किटं खाऊन जर्नलवर सह्या करायचे. कळ कुणी धरली नाही.

सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी रांगेत उभे राहायचे आणि वुंट हातातल्या कागदावरून एकेकाला विषय वाटत जायचे. रांगेत जिथं उभे, तो तुमच्या आयुष्याचा विषय. फक्त एकजण असा निघाला की ज्यानं येऊन सांगितलं, तुम्हाला साहाय्यक हवाय आणि तो मी आहे. जेम्स मकीन कॅटेल, अमेरिकेचा. अक्षर वाचायला किती वेळ लागतो आणि अख्खा शब्द वाचायला किती, हे त्यानंच मोजलं. ओळखीचा शब्द आपण अक्षर अक्षर लावत वाचत नाही, एका घासात गिळतो. म्हणतात, गुरुजींना टंकलेखन यंत्रही त्यानंच दिलं, आणि कुणीतरी कुरकुर केली की या यंत्रापायी वुंट आता दुप्पट लिहायला लागले.

"इतकं लिहायचे?"

"एकानं पानं मोजली. त्रेपन्न हजार सातशे पस्तीस भरली. मोजणाऱ्याचं नाव बोरिंग."

"विहिरीचं बोरिंग?"

"तेच. अमेरिकेतला मानसशास्त्राचा इतिहासकार."

"नाव शोभतंय. खणत बसला असेल." वहिनींनी मग नेहमीचा प्रश्न टाकला. "आणि ह्या वुंटांच्या घरी?"

"बायको सोफी. म्हातारपणी नजर अधू झाली तेव्हा मुलगी एलेओनोर मदत करायची. १९२० मध्ये आत्मचरित्र पुरं केलं आणि अठ्ठ्याऐंशी पुरी करून गेले." भाषा, पुराणकथा, चालीरीती यांवरचे दहा खंडही शेवटच्या वीस वर्षांतले. माणसाचे विचार नि रूढी हे काही कळ दाबून मोजता येणार नाहीत, असं मोजणाऱ्यांच्या या मूळपुरुषाचंच मत होतं. पुढं ते बहुतेक सगळे विसरले. त्यांच्या लाइपझिगच्या संस्थेची नंतरची इमारत १९४३ च्या डिसेंबरात बाँबहल्ल्यात गेली.

पहिला मान कुणाचा यावरून भाऊबंदकी आहेच. अमेरिकन म्हणतात, आमच्या विल्यम जेम्सनं हार्वर्डला १८७५ मध्येच उपकरणं मांडली होती. मांडली होती खरी, पण जेम्सचा जीव त्यात नव्हता. एक पाठ्यपुस्तक लिहून देतो म्हणून १८७८ मध्ये करार केला आणि बारा वर्षांनी दिलं. कळ दाबणं, वजनं उचलणं याचा त्याला मनस्वी कंटाळा. कंटाळा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊकच नाही अशा देशातच हे शास्त्र जन्मू शकलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणून गेला. शेवटी प्रयोगशाळा सांभाळायला वुंटचाच शिष्य म्युन्स्टरबर्ग जर्मनीहून बोलावून घेतला.

"सोयरीक तिकडंच गेली म्हणजे."

"तिथंच खरी गोष्ट आहे, वहिनी. मेरी कॅल्किन्स."

वेलस्ली या बायकांच्या कॉलेजात ग्रीक शिकवायची. कॉलेजला मानसशास्त्र सुरू करायचं होतं, म्हणून तिला शिकायला पाठवायचं ठरलं. हार्वर्ड बायकांना घेत नव्हतं. मोठ्या मिनतवारीनं तिला नुसतं बसायची परवानगी मिळाली. १८९० मध्ये ती जेम्सच्या वर्गात गेली. बाकीचे पुरुष विद्यार्थी गळाले आणि उरले दोघं, शेकोटीच्या या बाजूला जेम्स, त्या बाजूला ती. पुढच्या वर्षी वेलस्लीला जाऊन तिनं माळ्यावर स्वतःची प्रयोगशाळा मांडली. मग म्युन्स्टरबर्गकडे आली. रंग आणि आकडा यांच्या जोड्या दाखवायच्या, नंतर रंग दाखवून आकडा विचारायचा, ही स्मृती तपासायची पद्धत तिची. आम्ही ती कित्येक वर्षं मुलांकडून करून घेतली. जर्नलमध्ये तिचं नाव लिहायला कुणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही. १८९५ मध्ये तिनं डॉक्टरेटची परीक्षा दिली. जेम्सला तर ती आजवर पाहिलेल्यांत सगळ्यांत उजवी वाटली. हार्वर्डनं पदवी नाकारली.

"का?"

"बाई म्हणून."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहिलं, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्यात, तेही पापड लाटताना.

"१९०२ मध्ये म्हणाले, हार्वर्डची नाही, पण शेजारच्या बायकांच्या रॅडक्लिफ कॉलेजची देतो. तिनं ती नाही घेतली."

"बरं केलं. उष्टं कशाला घ्यायचं? आणि मग?"

"१९०५ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेची अध्यक्ष झाली. पहिली बाई. हार्वर्डनं मात्र पदवी शेवटपर्यंत दिलीच नाही."

हे ऐकून त्या जरा सैल झाल्या. म्हणून मी टिचनरचं चाखायला दिलं. हा इंग्रज, वुंटकडे शिकून कॉर्नेलला गेला आणि ऑक्सफर्डचा झगा घालून व्याख्यानं द्यायचा. मानसशास्त्रात डॉक्टरेट झालेली पहिली बाई, मार्गारेट वॉशबर्न, त्याचीच विद्यार्थिनी, १८९४ ची. पण १९०४ मध्ये प्रयोगवाल्यांचं मंडळ काढलं तेव्हा त्यात बायकांना बंदी. कारण? मोकळेपणी वाद घालायचेत, चिरूट ओढायचेत. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन नावाच्या विदुषीनं त्याला पत्रांवर पत्रं लिहून खडसावलं. तो बधला नाही. एका बैठकीच्या वेळी तर दोघीजणी शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या आणि दार किलकिलं ठेवून आतलं सगळं ऐकत राहिल्या.

"शाब्बास!" वहिनींनी भिंतीवर थाप मारली. मेथीचं ताट हललं. "काय बोलत होते मेले?"

"ते नाही कळलं. पण त्या दोघींतली एक, ल्यूसी डे, पुढं बोरिंगची बायको झाली."

"पानं मोजणारा बोरिंग?"

"तोच."

या एका सोयरिकीनं वहिनींना जितकं समाधान झालं तितकं फेख्नरच्या अख्ख्या नियमानं झालं नव्हतं. मला तरी कुठं झालं होतं?

"हे सगळं तुमच्या कॉलेजात कसं आलं पण? जर्मनी कुठं, सांगली कुठं."

घराणं सांगितलं. वुंटचा शिष्य म्युन्स्टरबर्ग. हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकले नरेंद्रनाथ सेनगुप्त. ते परत आले आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा आपल्याकडचा पहिला विभाग उभा राहिला. तिथून पसरत पसरत एक लोखंडी कपाट माझ्या वाट्याला आलं. त्यात वजनांचा संच, कंपास, स्टॉपवॉच, आणि मेमरी ड्रम, म्हणजे खिडकीतून एकेक शब्द दाखवणारं फिरतं पिंप. त्यातले शब्द एबिंगहाउस नावाच्या संशोधकाच्या पद्धतीचे. त्यानं एकट्यानं, स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेले दोन हजार तीनशेच्या आसपास शब्द बनवून घड्याळाच्या ठोक्यावर पाठ केले, आणि विसरल्यावर पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के वाचतात, तासाभरानं ४४, दुसऱ्या दिवशी ३४. महिन्यानं मात्र अजून २१ उरलेले असतात. आधी धाडकन, मग सावकाश. १८८५ मध्ये छापलं. मी मराठीत असे शब्द करायला बसले तर एकही निरर्थक निघेना. 'गिप' केला तर मागच्या बाकावरचा म्हणाला, बाई, आमच्या गावात एकाला गिप्या म्हणतात. निवृत्त झाले त्या वर्षी ती खोली दुसऱ्या कामाला गेली आणि कपाट जिन्याखाली. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, कुणी मागितली नाही.

"आता सांगा," वहिनींनी ताट उचललं. त्या विसरल्या नव्हत्या. "त्या पोराला परत घेतलं का?"

"नाही हो. नॉर्विचला गेला, आपल्या गावी. १८०२ मध्ये वारला. तिशीतच."

"आणि त्या दुसऱ्या साहेबांनी फरक काढला तो?"

"त्यानंतर. वीसेक वर्षांनी."

वहिनी मेथीच्या काड्या एकेक करून कागदावर टाकत राहिल्या. "म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नाही."

फाटक वाजलं. सखू आली होती. वहिनी दोन पावलं गेल्या, मग वळून म्हणाल्या, "पण बाई, शिट्ट्या चारच होत्या."

मी आत जाऊन कुकर उघडला. वरचा भात मोकळा होता, खालचा लागला होता.